कोपर सोलवटलेला कुत्रा आणि शेपटीजवळ खपली धरलेली मांजर

डिचोलीहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा चार वर्षांचा गावठी कुत्रा रविवारी कंपाउंडच्या चिऱ्यांच्या भिंतीवरून उडी मारताना घसरला आणि त्याच्या पुढच्या उजव्या पायाचे कोपर दहा रुपयांच्या नाण्याहून थोड्या मोठ्या भागात सोलवटले. त्याच सुमारास घरातल्या मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी तुरीच्या डाळीएवढी एक खपली तुमच्या हाताला लागली. कुत्र्याच्या जखमेवर आईंनी हळद लावली, मांजरीला काहीच लावलेले नाही, आज चौथा दिवस आहे आणि कुत्र्याला डॉक्टरांकडे न्यावे की वाट पाहावी, वाट पाहायची तर नेमके काय पाहत राहावे, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मांजरीचा उल्लेख तुम्ही अगदी शेवटी, 'तिचे तसे विशेष काही नाही, फक्त दोन दिवस कपाटाखाली बसून असते' अशा शब्दांत केला आहे.

तुमचे पत्र वाचून माझे लक्ष त्या शेवटच्या वाक्यावर अडले. फोंडा परिसरात गेली २२ वर्षे मी कुत्र्या-मांजरांवर उपचार करतो आणि या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा अनुभवली आहे: जी जखम पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो ती बहुधा आठवड्यात बरी होते आणि जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही ती चौथ्या-पाचव्या दिवशी टेबलावर येते. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न 'खरचटल्यावर काय लावावे' हा नसून 'हे खरोखर नुसते खरचटणे आहे का, आणि ते योग्य दिशेने चालले आहे का' हा आहे. त्यातला पहिला भाग ओळखण्याचा आहे व दुसरा नजर ठेवण्याचा.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. मी जनावर पाहिलेले नाही, केवळ तुमचे वर्णन वाचले आहे. वय, आधीचा एखादा आजार, चालू असलेली औषधे, जखमेची जागा, पाऊस आहे की ऊन आणि प्राणी घरात राहतो की कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मोकळा फिरतो, या सगळ्यांवर उत्तर बदलते. मधुमेह असलेल्या किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या कुत्र्याचे खरचटणे आणि तुमच्या तरुण, धडधाकट कुत्र्याचे खरचटणे यांना एकच मापदंड लावता येत नाही.

खरचटणे म्हणजे कातडीचा वरचा पापुद्रा घासून निघणे. त्याखालचा जाड थर बहुतांशी शाबूत राहतो, त्यामुळे जखम दिसायला लालभडक आणि ओली असली तरी तिला खोली नसते. रक्त धारेने वाहत नाही. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात आणि थोड्या वेळाने त्यांची जागा फिकट पिवळसर, पातळ पाझर घेतो. हा पाझर पू नव्हे. पुष्कळ जण पहिल्या दिवशीचा हा ओलावा पाहून 'पू झाला' म्हणून धावत येतात. पू दाट असतो, गढूळ असतो आणि त्याला बहुधा वास येतो. खरचटल्यात केसांची मुळे खालच्या थरात जिवंत राहिलेली असली, तर नवी कातडी कडांकडून येते तशीच त्या मुळांपासूनही येते, म्हणून अशी जखम टाके न घालता आणि बहुधा व्रण न ठेवता भरते. उलट कातडी आरपार फाटली असेल, कडा एकमेकींपासून दूर सरकल्या असतील, किंवा आत चरबी वा मांस दिसत असेल, तर ते खरचटणे राहिले नाही. ती जखम शिवायची की नाही हे काही तासांत ठरवावे लागते.

माणसाच्या गुडघ्यावर हे सगळे उघडे दिसते. कुत्र्या-मांजरांवर ते केसांखाली असते आणि आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे तांबडी माती. जांभ्याच्या चिऱ्यावर घासलेल्या पांढऱ्या कुत्र्याचे अंग असे रंगते की रक्त कुठले आणि माती कुठली हे डोळ्यांना कळत नाही. कितीतरी वेळा मी अर्धा तास धुतल्यावर खाली नखाएवढी जखम सापडली आहे आणि काही वेळा याच्या नेमके उलटही झाले आहे. म्हणून आधी धुणे, मग पाहणे. कोमट पाण्याची धार सोडून केस ओले करावेत, बोटांनी त्यांचा भांग पाडावा आणि उजेडात पाहावे. घासल्याच्या जागी केस आखूड, खुंटासारखे तुटलेले असतात आणि ओरखड्यांच्या रेषा बहुधा एकाच दिशेने जातात, कारण शरीर एका दिशेने घसरलेले असते. काळ्या कातडीच्या कुत्र्यात लाली दिसत नाही. तिथे हाताचा मागचा भाग टेकवून ऊब पाहावी आणि त्याच जागेची दुसऱ्या बाजूच्या पायाशी तुलना करावी. हे करताना प्राणी दुखावलेला आहे, हे विसरू नये. एरवी कधीही न चावणारा कुत्रा वेदनेत चावतो. कुत्र्याचे तोंड मऊ पट्टीने सैलसर बांधता येते, पण त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर ते करू नये. मांजरीला जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त लागेल तेवढाच भाग उघडा ठेवावा.

आता मांजरीकडे येतो. रेषा नसलेली, एकाच ठिपक्यासारखी, गोल खपली आणि तिच्याभोवती चिकटून ताठ झालेले केस ही घासल्याची खूण नसून दाताची किंवा नखाची खूण असण्याची शक्यता अधिक असते. शेपटीचे मूळ ही त्यासाठी ठरलेली जागा आहे. समोरासमोर लढणाऱ्या बोक्याला डोक्यावर, मानेवर आणि पुढच्या पायांवर चावे बसतात. पळणाऱ्या मांजरीला मागून, शेपटीजवळ. मांजराचा सुळा बारीक आणि टोकदार असतो, तो तोंडातले जंतू कातडीखाली खोल नेऊन सोडतो, आणि मांजराची कातडी इतक्या लवकर वरून मिटते की दुसऱ्या दिवशी बाहेर फक्त खपली उरते. आत मात्र जंतू वाढत असतात. साधारण दोन ते पाच दिवसांत तिथे गरम, दुखरी सूज येते, मांजर जेवणावरून उठते, कोपऱ्यात जाऊन बसते, पाठीवर हात फिरवला की गुरकावते. आणि कोणी लक्ष दिले नाही तर गळू फुटून दुर्गंधीयुक्त पू वाहतो. तुमची मांजर दोन दिवस कपाटाखाली आहे, हे मला त्या खपलीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका लहान कुत्र्याच्या मानेवर मोठ्या कुत्र्याने धरल्यावर राहिलेले दोन ओरखडे मी पाहिले, वरवर धुतले, औषध लावले आणि 'काही नाही, खरचटले आहे' असे सांगून त्याला घरी पाठवले. पाचव्या दिवशी तो परत आला तेव्हा त्या ओरखड्यांमधली तळहाताएवढी कातडी खालून सुटून काळी पडली होती. मोठा कुत्रा लहान कुत्र्याला धरून झटकतो तेव्हा वरची कातडी दातांबरोबर हलते आणि खालचे स्नायू व रक्तवाहिन्या फाटतात. बाहेर जे दिसते ते आतल्या इजेच्या मानाने नगण्य असते. तेव्हापासून चाव्याचा नुसता संशय असला तरी मी केस काढल्याशिवाय मत देत नाही. तुम्ही घरी केस कापणार असाल तर आधी जखमेत पाण्याने धुऊन जाणारी जेली भरावी, म्हणजे कापलेले केस तिला चिकटतात आणि आत जात नाहीत. कात्री मात्र मांजरीच्या कातडीजवळ नेऊ नये. ती कातडी कागदासारखी कापली जाते.

जखम झाल्याचे कोणी पाहिलेले नसताना 'कुठेतरी घासला असेल' हा निष्कर्ष काढला जातो, तेव्हाही सावध राहावे. पावसाळ्यात दाट केसांच्या कुत्र्याच्या गालावर किंवा मांडीवर काही तासांत रुपयाएवढा ओला, लाल, चिकट चट्टा उमटतो. पिसवा किंवा गोचीड चावल्याने खाज सुटते, कुत्रा तीच जागा चाटत आणि चावत राहतो व स्वतःच ती सोलून काढतो. इथे भिंत दोषी नसते, खाज दोषी असते, आणि खाज थांबवल्याशिवाय जखम भरत नाही. कडेने केस गळलेला, कोंडा सुटणारा गोल चट्टा नायट्याचा असू शकतो. तो मांजराच्या पिलांकडून घरातल्या मुलांना लागतो, म्हणून अशा वेळी मुलांच्या हातांवरही नजर टाकावी. खरुजेचा संशय असला तर आम्ही ब्लेडच्या बोथट कडेने कातडी हलकेच खरवडून तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो; त्यामुळे डॉक्टरांनी चांगल्या दिसणाऱ्या कातडीलाच खरवडले तर घाबरू नये. मार्च ते मे या काजूच्या हंगामात आणखी एक प्रकार होऊ शकतो: कच्च्या काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजते, आणि बियांच्या ढिगाऱ्याशी खेळलेल्या कुत्र्याच्या ओठांवर किंवा पंजांवर खरचटल्यासारखे दिसणारे जे असते ते खरे म्हणजे भाजणे असते. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर चालवलेल्या कुत्र्याच्या तळव्यांचेही तसेच.

पांढऱ्या कानांच्या मांजरांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे उशीर फार महाग पडतो. कानाच्या टोकावर किंवा नाकाच्या शेंड्यावर खपली धरते, पडते, पुन्हा धरते आणि महिना उलटला तरी ती जागा भरत नाही. घरच्यांना वाटते की बाहेरच्या मांजरांशी भांडून येते. रंगद्रव्य नसलेल्या कातडीवर वर्षानुवर्षे ऊन पडून तिथे कर्करोग होऊ शकतो आणि सुरुवातीला तो हुबेहूब ओरखड्यासारखा दिसतो. लवकर पकडला तर कानाचे टोक काढून टाकून मांजर वाचते. दोन आठवड्यांत न भरलेले कोणतेही खरचटणे मी खरचटणे मानत नाही, ते तपासून घेतो. याउलट रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला सरळ खाच दिसली म्हणून कळवळणाऱ्यांनी निर्धास्त असावे. ती नसबंदी झाल्याची खूण असते.

वाहनाचा धक्का बसला असण्याची थोडीही शक्यता असेल, तर कातडीचा विचार सर्वांत शेवटी करायचा. मांजर रात्रभर बाहेर राहून सकाळी परतली, अंगावर एक-दोन ओरखडे आहेत आणि तिच्या नखांची टोके फाटून कुंचल्यासारखी झाली आहेत, असे दिसले तर ती रस्त्यावर घासली गेली आहे असेच मी धरतो. अशा वेळी हिरड्यांचा रंग पाहावा, श्वास जलद किंवा पोटातून ओढल्यासारखा चालला आहे का ते पाहावे आणि तिने लघवी केली का, हे आवर्जून ध्यानात ठेवावे. छातीतली किंवा मूत्राशयाची इजा पहिले काही तास लपून राहू शकते, त्यामुळे ओरखडे किरकोळ असले तरी त्याच दिवशी तपासणी करून घेणे योग्य. तुमचा कुत्रा तुमच्या डोळ्यांदेखत घसरला, लगेच उठला आणि पाय टेकून चालतो आहे, म्हणून त्याच्या बाबतीत ही शंका मी धरत नाही.

रक्ताविषयी एक वेगळी गोष्ट. खरचटल्यातून येणारे रक्त स्वच्छ कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरले की थांबले पाहिजे. एवढीशी जखम तासन्‌तास ठिबकत असेल, हिरड्यांवर किंवा पोटावर जांभळे ठिपके दिसत असतील, तर दोष जखमेत नसून रक्तात असतो. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि उंदराचे औषध पोटात गेल्यावर रक्त गोठण्याची क्रियाच अडते. या दोन्हींचा पहिला सुगावा मला न थांबणाऱ्या एका क्षुल्लक ओरखड्याने दिलेला आहे.

आता तुमच्या कुत्र्याच्या कोपराकडे. हळदीविषयी मी आईंना दोष देणार नाही, पण आता ती धुऊन काढावी. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते, तिचे कण पाझराबरोबर घट्ट बसून खोटी खपली तयार होते, आणि मुख्य म्हणजे तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली, पू, काळेपणा यांतले काहीच दिसत नाही. ज्या जखमेवर नजर ठेवायची ती रंगवून टाकणे सोयीचे नाही. अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवून त्या पाण्याची धार सुईविना मोठ्या सिरिंजने सोडावी. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची बाटलीही चालते आणि काहीच हाताशी नसेल तर नळाचे स्वच्छ पाणी चालते. कापसाने घासू नये. त्याचे धागे जखमेत राहतात. पोव्हिडोन आयोडिनचे द्रावण वापरायचे असेल तर ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे, कारण दाट द्रावण नव्या पेशींनाही मारते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट यांचे तेच आहे: फेस येतो, आग होते, घरच्यांना समाधान वाटते आणि जखम भरायला उशीर लागतो.

डेटॉल आणि फिनेल मांजरीच्या अंगाला लावू नयेत. त्यांतली द्रव्ये तिच्या शरीराला नीट पचवता येत नाहीत आणि ती स्वतःला चाटून ती पोटात घेते. माणसांच्या घरात असणाऱ्या खाजेच्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, ते उघड्या जखमेवर लावल्यास भरणे लांबते. दुखते म्हणून माणसांच्या गोळ्या देणे तर त्याहून घातक आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या आतड्यांना व मूत्रपिंडांना इजा करते. साध्या खरचटण्याला प्रतिजैविकाच्या गोळ्या लागत नाहीत. आणि 'धनुर्वाताचे इंजेक्शन दिले नाही का' असे मला जवळजवळ रोज विचारले जाते, त्याचे उत्तर असे की कुत्री-मांजरे माणसाच्या किंवा घोड्याच्या तुलनेत धनुर्वाताला बरीच दाद न देणारी असल्यामुळे ते इंजेक्शन त्यांना नेहमीच्या जखमेसाठी देत नाहीत.

नजर ठेवणे म्हणजे दिवसातून दहा वेळा जखम उघडून पाहणे नव्हे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, शक्यतो एकाच माणसाने, एकाच जागी, एकाच उजेडात पाहावे आणि रोज सकाळी एक फोटो काढावा. फोटोत जखमेशेजारी दहा रुपयांचे नाणे धरावे; ते २७ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे जखम वाढली की आटली हे तुमच्या मनावर किंवा मोबाइलच्या अंतरावर अवलंबून राहत नाही. रोज पाहणाऱ्याला बदल कळत नाही, चार फोटो ओळीने ठेवले की कळतो. मला फोटो पाठवणाऱ्यांना मी हेच सांगतो की एका फोटोवरून मी फारसे बोलू शकत नाही, चार दिवसांचे चार पाठवा.

काय अपेक्षित आहे तेही सांगतो. पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, थोडी सूज आणि स्वच्छ पाझर हे शरीराचे काम चालू असल्याचे लक्षण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाझर आटून पातळ खपली धरावी, सूज उतरावी आणि हात लावल्यावर कुत्र्याने पूर्वीइतके अंग चोरू नये. त्यानंतर कडांकडून गुलाबी, चकचकीत नवी कातडी आत सरकताना दिसते. साधे खरचटणे आठवडा ते दहा दिवसांत बंद होते. केस यायला मात्र कित्येक आठवडे लागतात आणि सयामी जातीच्या मांजरीत त्या जागी काही काळ गडद केस येतात, त्याची चिंता नको. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरू लागली, ओसरलेली सूज पुन्हा चढली, वास आला, पाझर गढूळ झाला किंवा बरा होत आलेला पाय पुन्हा लंगडू लागला, तर जखमेची चाल उलटी झाली असे समजावे. आकाराने लहान पण उलट्या दिशेने निघालेली जखम मला मोठ्या पण आटत चाललेल्या जखमेपेक्षा अधिक गंभीर वाटते.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून पाहिल्यास निरोगी कुत्र्या-मांजराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या मानाने तो तापच वाटतो, म्हणून पुष्कळ जण घाबरतात. निवांत बसलेल्या प्राण्यात ते १०३ च्या वर गेले आणि त्याचे जेवणही तुटले, तर वाट पाहू नये.

कोपराची जागा थोडी हट्टी असते, हे मान्य केले पाहिजे. तिथे हाडावर मांस नसते, आणि तुमचा कुत्रा व्हरांड्याच्या लादीवर बसता-उठता प्रत्येक वेळी तीच जागा टेकतो. भरत आलेली खपली त्यामुळे पुन्हा उकलते. त्याला जाड गोधडी किंवा गादी द्यावी. हा उपाय कोणत्याही मलमापेक्षा अधिक गुण देतो. चाटणे थांबवणेही तितकेच आवश्यक आहे. कुत्र्याची जीभ औषधी असते हा समज जुना आहे, पण प्रत्यक्षात जीभ नवी कातडी खरवडते आणि तोंडातले जंतू तिथे नेते. मांजरीच्या जिभेवर तर काटेच असतात. गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी, ती नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे येईल एवढी असावी, आणि 'बिचाऱ्याला त्रास होतो' म्हणून रात्री काढून ठेवू नये, कारण रात्रभर चाटलेली जखम सकाळी नव्याने सुरुवात करते. पट्टी बहुधा लागत नाही. बांधलीच तर ती ओली होताच बदलावी आणि पट्टीखालची बोटे सुजून एकमेकांपासून फाकली आहेत का, हे दिवसातून दोनदा पाहावे.

तुम्ही हे सगळे पावसाळ्यात करीत आहात, ही या उत्तरातली सर्वांत मोठी अट आहे. उन्हाळ्यात ज्या जखमेला मी पाच दिवस दिले असते तिला जुलैत दोनच दिवस देतो. ओलाव्याने खपली मऊ होते आणि तिच्या वासावर माशी येते. माशीची अंडी खोवलेल्या खोबऱ्याच्या बारीक कणांसारखी केसांना चिकटलेली दिसतात आणि त्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडू शकतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका म्हाताऱ्या कुत्रीच्या कानामागे शनिवारी जो ओरखडा होता, तिथे पुढच्या शुक्रवारी माझे बोट आत जाईल एवढी पोकळी होती. अळ्या दिसल्यावर घरी टर्पेंटाईन ओतणे किंवा डांबरगोळीची पूड भरणे गावोगाव चालते. अळ्या त्याने बाहेर येतात हे खरे, पण ती द्रव्ये जखमेतून आणि चाटण्यातून अंगात भिनतात आणि लहान कुत्रा त्यानेच आजारी पडतो. अंडी दिसली तर ओल्या फणीने केसांसकट काढावीत, अळी दिसली तर थेट डॉक्टरांकडे जावे. भरेपर्यंत कुत्र्याला शेतात आणि साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नये, कारण उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू सोलवटलेल्या कातडीतून आत शिरतात, आणि ते तुमच्याही पायाच्या भेगेतून शिरतात.

रेबीजविषयी दोन वाक्ये लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण होत आले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. पण नियंत्रित म्हणजे मुक्त नव्हे, आणि अनोळखी प्राण्याने केलेली जखम तुमच्या कुत्र्या-मांजराच्या अंगावर असेल तर आधीची लस झालेली असली तरी पुढच्या डोसविषयी डॉक्टरांना विचारावे. धुताना हातमोजे घालावेत. तुम्हाला स्वतःला ओरखडा बसला तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, रक्त आले नसले तरी.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर: कुत्र्याची हळद आज धुवा, कॉलर घाला, गादी द्या, चार दिवसांचे फोटो काढा आणि चाल सरळ असेल तर त्याला घरीच ठेवा. पाझर पुढच्या दोन दिवसांत आटला नाही तर दाखवून आणा.

मांजरीला मात्र उद्या सकाळीच न्या. जाण्यापूर्वी ती खपली ओढून काढू नका आणि सूज असेल तर ती दाबू नका. पू बाहेर येण्याऐवजी आत पसरतो. दवाखान्यात आधी फोन करून 'शेपटीजवळ चाव्याची शंका आहे, गळू झालेले असू शकते' एवढे सांगा आणि तिला उपाशी आणायचे का ते विचारा, कारण गळू उघडून आतून धुवायचे तर गुंगीचे औषध द्यावे लागते. तिची शेवटची लस कधी झाली, ती शेवटचे पोटभर कधी जेवली, लघवी कधी केली आणि आजूबाजूला कोणता बोका फिरतो, हे चिठ्ठीवर लिहून न्या. चाव्यातून एफआयव्ही नावाचा, मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू पसरतो. तो माणसाला होत नाही, पण तुमची मांजर बाहेर जात असेल तर काही आठवड्यांनी त्याची रक्ततपासणी करावी का, हेही तिथेच विचारून घ्या. आणि पिंजरा नसेल तर उशीच्या अभ्र्यात बसवून नेली तरी चालते, फक्त स्कूटरवर मांडीत धरून नेऊ नका.